वावडिंगापासून निंबोळीपर्यंत

१९६० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताला एक रोग लागत असे. पानांवर गंजासारखे तांबूस डाग पडत, रोपे खुरटत आणि उभे शेत हातचे जाई. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातल्या एका तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९६६ मध्ये दाखवून दिले की या रोगामागे बुरशी नाही आणि जिवाणूही नाही. जमिनीत जस्त कमी आहे, एवढेच त्याचे कारण. झिंक सल्फेट दिले की शेत पुन्हा हिरवे होई. या शास्त्रज्ञाचे नाव यशवंत लक्ष्मण नेने. शिंद्यांच्या लष्कराबरोबर उत्तरेत गेलेल्या आणि तिथेच रुजलेल्या मराठी समाजाचे जे ग्वाल्हेर, तिथले हे नेने.

पुढे ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत उपमहासंचालक झाले. तूर आणि हरभऱ्याचे रोग हा त्यांचा विषय. सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगाचे वाफे यांत आयुष्य काढलेला हा माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर जुन्या संस्कृत पोथ्यांकडे वळला. १९९४ मध्ये त्यांनी सिकंदराबादला एशियन अॅग्री-हिस्ट्री फाउंडेशन स्थापन केले आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून एका हस्तलिखिताची प्रत मिळवली. ते हस्तलिखित म्हणजे सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’. डॉ. नलिनी साधले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फळबागेतल्या किडींवर वनस्पतींचे अर्क वापरण्याचा भारतातला इतिहास सांगायचा तर या पुस्तकाला टाळून पुढे जाता येत नाही.

सुरपाल साधारण हजार वर्षांपूर्वीचा. भीमपाल नावाच्या राजाच्या पदरी तो वैद्य होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्याने झाडाकडे रुग्ण म्हणूनच पाहिले. माणसाला वात, पित्त, कफ, तसेच झाडालाही. माणसाच्या पोटात जंत; तसे झाडाच्या खोडात आणि मुळाशी कृमी. मग औषधेही तीच. वावडिंग हे आयुर्वेदातले जंतावरचे ठरलेले औषध. सुरपाल तेच झाडाच्या किडीवर सांगतो. त्याच्या जोडीला मोहरी, वेखंड, मिरी, बिब्बा. यांतल्या काहींचा लेप, काहींचे पाणी, काहींची धुरी. आजच्या भाषेत बोलायचे तर औषधाचे तीन प्रकारचे वापर त्याच्यापाशी होते: खोडावर लावायचे, मुळाशी घालायचे आणि पानांपर्यंत धुरातून पोहोचवायचे. फवारणीचा पंप नसलेल्या काळात उंच आंब्याच्या शेंड्यापर्यंत औषध न्यायचे तर धुराशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

सुरपालाच्याही चारेकशे वर्षे आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडाला रोग होतो, असे तो सांगतो. पाने पिवळी पडतात, पालवी फुटत नाही, फांद्या वाळतात, खोडातून रस गळतो. उपाय असा: रोगट भाग आधी शस्त्राने काढून टाकावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि पाण्यात दूध घालून शिंपावे. आजही खोडकिड्याने पोखरलेल्या आंब्याला बागायतदार आधी साल खरवडतो, भोक साफ करतो, औषध घालतो आणि वरून चिखलाने लिंपून टाकतो. औषध बदलले, पण हाताची क्रिया तीच राहिली.

हा वराहमिहिर अवंतीचा, म्हणजे उज्जैनच्या मुलखातला. उज्जैन ही शिंद्यांची पहिली राजधानी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, तिथे लष्कर नावाचे शहर वसले आणि राजधानी तिकडे गेली. तरीही उज्जैन, मंदसौर, शाजापूर हा माळव्याचा सुपीक पट्टा १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानातच होता. सांगायचे ते इतकेच की झाडांच्या औषधोपचारावरचे आपल्याकडचे एक अतिशय जुने लिखाण ज्या भूमीत झाले, ती भूमी पुढे ज्या संस्थानात आली त्याच्याच राजधानीतला एक मराठी शास्त्रज्ञ दीड हजार वर्षांनी ही विद्या विस्मृतीतून वर काढायला पुढे आला. नेने यांच्या फाउंडेशनने मुघल शाहजादा दारा शुकोहच्या नावावर असलेला ‘नुस्खा दर फन्नी-फलाहत’ हा शेती-बागायतीवरचा फार्सी ग्रंथही प्रसिद्ध केला.

पोथ्या छापल्या म्हणजे त्यांतले सगळे खरे, असे नेने यांनी मानले नाही, आणि हीच त्यांच्या कामाची खरी प्रतिष्ठा आहे. प्राचीन म्हणून डोक्यावर घेणारे पुष्कळ असतात. प्राचीन म्हणून फेकून देणारेही तितकेच. ज्याने एका रोगाचे कारण जस्ताच्या कमतरतेत शोधले होते, त्याला श्लोक हा पुरावा वाटणार नव्हता. पण तपासून पाहण्याजोगी सूचना म्हणून तो श्लोक त्यांना मोलाचा वाटे.

तपासून पाहण्याची ही परंपरा भारतात इंग्रजी अमदानीत सुरू झाली, आणि तिच्यातली एक सुंदर कथा फळमाशीची आहे.

बिहारमध्ये पुसा येथे इंपीरियल कृषी संशोधन संस्था होती. तिथले इंपीरियल कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये भारतीय किडींवर पुस्तक लिहिले. त्या काळचे उपाय म्हणजे रॉकेल आणि साबणाचे मिश्रण, राळेचे द्रावण, तंबाखूचा काढा आणि शिसे-सोमलाचे विष. तंबाखूचा काढा मावा आणि तुडतुड्यांवर चाले. पुसा येथेच फ्रँक हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळवण्यासाठी गवतापासून काढलेले सिट्रोनेला तेल वापरले, तर त्या वासावर माशा येऊन बसू लागल्या. हॉवलेट यांनी त्या माशा नीट पाहिल्या. त्या घरमाशा नव्हत्या. आंबा-पेरू पोखरणाऱ्या फळमाशा होत्या आणि सगळे नर होते. १९१२ मध्ये त्यांनी याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे एकेक घटक वेगळा करून पाहत त्यांनी १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉलचे नाव घेतले. हा पदार्थ निसर्गात अनेक वनस्पतींत सापडतो. तुळशीच्या काही प्रकारांतही असतो. दक्षिणेत तुळशीची पाने कुस्करून फळमाशीच्या सापळ्यात ठेवण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने लागू पडते.

या शोधाने सगळी दिशाच बदलली. वनस्पतीचा अर्क म्हणजे विष किंवा फार तर पळवून लावणारा वास, एवढीच कल्पना तोवर होती. इथे अर्क कोणालाही मारत नव्हता. तो किडीला बोलावत होता. नर सापळ्यात अडकले की माद्यांचे मीलन होत नाही, आणि पुढची पिढी आपोआप घटते. १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर याच पदार्थाने फळमाशीचा संपूर्ण नायनाट करून दाखवला गेला. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा सापळा तयार केला. मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला लाकडाचा ठोकळा, भोवती प्लॅस्टिकचा डबा, आणि हेक्टरी चार सापळे. कोकणातल्या आंबा बागायतदारांना तो आज ओळखीचा आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा निर्यातीच्या मालात सापडलेल्या फळमाशा हेच एक मोठे कारण होते. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. एका माशीने काय होते, हे त्या हंगामात सगळ्या देशाने पाहिले.

ग्वाल्हेरच्या बाजूला या माशीचा मुक्काम पेरूत असतो. ग्वाल्हेर, मुरैना, श्योपूर या भागांत पेरू हे घरोघरचे फळ. ‘ग्वाल्हेर-२७’ या नावाची पेरूची एक जातही कृषी संशोधकांच्या यादीत आहे. उत्तर आणि मध्य भारतातल्या बागांमध्ये सर्वत्र पसरलेली ‘लखनौ-४९’, म्हणजेच ‘सरदार’, ही जात तर पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडलेली. चीमा आणि देशमुख यांनी १९२७ मध्ये त्या निवडीबद्दल लिहिले. पेरूला वर्षातून दोनदा बहार येतो, आणि पावसाळ्यातली फळे फळमाशीच्या तावडीत सापडतात. वरून पिवळेधमक दिसणारे फळ कापले की आत अळ्या वळवळतात. अळी फळाच्या गरात सुरक्षित असल्याने वरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून इथे सापळा, पडलेली फळे वेचून खोल पुरणे आणि बहार धरण्याची वेळ पुढे ढकलणे हे उपाय विषापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कडुनिंबाची गोष्ट टोळांपासून सुरू होते.

टोळधाड येऊन गेल्यावर सगळे रान बोडके होते आणि कडुनिंब तेवढा हिरवा उभा राहतो, हे खेड्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरल्ड मान आणि डब्ल्यू. बर्न्स यांनी १९२७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या टोळांवर लिहिताना ही गोष्ट नोंदवली. १९४२ मध्ये सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही द्रव्ये वेगळी केली. १९५९ मध्ये सुदानमध्ये जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांना तेच दृश्य दिसले. मग १९६२ मध्ये दिल्लीवर टोळ आले. भारतीय कृषी संशोधन संस्थेतले एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी तयारीत होते. निंबोळीतल्या गराची पूड पाण्यात कालवून केवळ ०.१ टक्का द्रावण त्यांनी पिकांवर फवारले. टोळ बसले, पण फवारलेले पीक त्यांनी खाल्ले नाही.

१९६८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतला मुख्य घटक वेगळा केला: अॅझाडिरॅक्टिन. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की त्याची रचना उलगडायला १९८० चे दशक उजाडले, आणि केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने तो प्रयोगशाळेत बनवला तो २००७ मध्ये, बावीस वर्षांच्या खटाटोपानंतर. त्याचे काम दुहेरी आहे. किडीला पान खावेसे वाटत नाही, आणि खाल्ले तर अळीला वेळेवर कात टाकता येत नाही. म्हणजे फवारल्यावर लगेच मेलेल्या किडी खाली पडलेल्या दिसत नाहीत. डीडीटीची सवय झालेल्या डोळ्यांना हे अपयश वाटले, आणि निंबोळी मागे पडण्याचे एक मोठे कारण तिथेच आहे.

डीडीटी, बीएचसी आणि पुढची सेंद्रिय फॉस्फरसची विषे आली तेव्हा बागायतदार त्यांच्याकडे धावले, यात त्यांना दोष देता येणार नाही. आंब्याचा मोहोर तुडतुड्यांनी काळा पडताना ज्याने पाहिला, त्याला रात्रीतून मोहोर वाचवणारे औषध देवासारखेच वाटणार. किंमत नंतर कळली. केरळमधल्या कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून अनेक वर्षे एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या गावांतली आजारी मुले देशाने पाहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्या औषधावर देशभर बंदी घातली. २०१० मध्ये भारतीय द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी फवारणीची वही ठेवली नसती, तर निर्यात टिकली नसती.

महाराष्ट्रात निंबोळीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पुण्याच्या केतकरांचे नाव आधी घ्यायला हवे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या निंबोळी पेंड प्रकल्पावर सी. एम. केतकर यांनी १९६९ ते १९७६ काम केले आणि त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. निंबोळी कशी वेचावी, कशी वाळवावी, तेल कसे काढावे, पेंड खतात कशी मिसळावी, अशी साधी आणि मोजलेली माहिती त्यात आहे. युरियाला निंबोळी तेलाचे आवरण देणे सरकारने २०१५ मध्ये सक्तीचे केले. त्या कल्पनेच्या मागे असे अनेक वर्षांचे काम उभे आहे.

आणि मग म्युनिकचा खटला. अमेरिकेचे शेती खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये कडुनिंबाच्या तेलावर पेटंट दिले. ते पेटंट किडीवरचे नव्हते. पिकावरच्या बुरशीसाठी तेल वापरण्याचे होते. वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आलव्होट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ मध्ये त्याला आव्हान दिले. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, एवढे सांगून पेटंट कार्यालयाचे समाधान होणार नव्हते. मे २००० मध्ये पुण्याचे अभय फडके साक्षीला उभे राहिले. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या घेतल्याचे त्यांनी सांगितले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले, आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

या खटल्यातून मराठी वाचकाने काय घ्यावे? परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या दिवशी वजन पडले ते ठरावीक वर्षी, ठरावीक शेतात केलेल्या आणि सांगता येण्याजोग्या कामाचे. वराहमिहिराच्या अध्यायाला आपण मान देतो तो त्याने लिहून ठेवले म्हणूनच. ज्या हजारो माळ्यांनी कधी काही लिहिले नाही, त्यांच्या हातची औषधे त्यांच्याबरोबर गेली.

आज गावोगावी चालणाऱ्या दशपर्णी अर्काकडे याच नजरेने पाहायला हवे. कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, रुई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल अशी दहा पाने गोमूत्र-शेण-पाण्यात कुजवायची आणि गाळून फवारायची. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीच्या प्रचारात निमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र असे अर्क देशभर पोहोचवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या अर्कांनी खर्च वाचतो आणि शेतकरी दुकानदाराच्या सल्ल्यापासून मोकळा होतो, हे मोठे काम आहे. अडचण अशी की गावागणिक पाने बदलतात, कुजवण्याचे दिवस बदलतात, आणि एका पिंपातल्या अर्काची ताकद दुसऱ्या पिंपात येईलच असे नाही. पाच टक्के निंबोळी अर्काचे तसे नाही. पाच किलो वाळलेल्या निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी वस्त्रगाळ करायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा घालून शंभर लिटर पाणी करायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. उन्हात अॅझाडिरॅक्टिन लवकर नासते, म्हणून फवारणी संध्याकाळी. या कृतीला माप आहे, म्हणून ती विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत आणि भिंडच्या लिंबाच्या बागेत सारखीच करता येते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, असे नाही. तंबाखूतले निकोटिन हे जहाल विष आहे. निकोटिन सल्फेटचे उत्पादन भारतात आता केवळ निर्यातीसाठी चालते. डेरिस वेलीच्या मुळातले रोटेनॉन कित्येक दशके सुरक्षित मानले गेले. २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने कंपवातासारखी लक्षणे निर्माण केल्याचे दिसले. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. अर्क घरी केला तरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके हवेच.

मे २०२० मध्ये टोळ पुन्हा आले. राजस्थानातून नीमच-मंदसौरमार्गे मध्य प्रदेशात शिरले, उज्जैनच्या बाजूने पुढे सरकले आणि अमरावती-नागपूरच्या संत्रापट्ट्यात वरूड, मोर्शी, काटोलपर्यंत पोहोचले. त्यातला पहिला टप्पा जवळजवळ सगळा जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या मुलखातून गेला. कृषी खात्याने शेतकऱ्यांना जे उपाय सांगितले, त्यांत निंबोळी अर्क होता.

नेने जानेवारी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या संस्थेचे ‘एशियन अॅग्री-हिस्ट्री’ हे नियतकालिक १९९७ मध्ये सुरू झाले. ग्वाल्हेरला १९५० पासून कृषी महाविद्यालय आहे, आणि २००८ पासून राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विश्वविद्यालय. दुसरीकडे लष्करातल्या आणि उज्जैनच्या जुन्या मराठी घरांत मोडी कागदांचे दप्तर अजूनही कपाटांत पडून आहे. बागेच्या खर्चाच्या, माळ्यांच्या पगाराच्या, झाडांच्या औषधांच्या नोंदी असतील तर त्या अशाच दप्तरांत असतील. असे कागद ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ते वाळवीच्या आणि रद्दीच्या आधी मोडी वाचणाऱ्याला दाखवावेत. आणि ज्यांच्याकडे बाग आहे, त्यांनी यंदाच्या ज्येष्ठात पडलेली निंबोळी वेचून सावलीत वाळवावी, पावसाळी पेरूत सापळे लावावेत, आणि कोणत्या तारखेला काय फवारले आणि किती फळे किडकी निघाली हे वहीत लिहून ठेवावे.